व्हेन फाइंडर: एक पावसाळा वापरल्यावर

घोडबंदर रोडवरच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी स्टाफ नर्स आहे. मे महिन्यात आमच्याकडे व्हेन फाइंडर, म्हणजे सुई टोचण्यासाठी कातडीखालची शीर दाखवणारं मशीन आलं आणि पाठोपाठ पावसाळा. म्हणजे डेंग्यू, गॅस्ट्रो, वॉर्डभर सलाईनच्या बाटल्या. मशीनचा चांगलाच कस लागला.

त्यातून निअर-इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश पडतो. शिरेतल्या रक्तात ऑक्सिजन कमी, त्यातलं हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषून घेतं. आजूबाजूच्या कातडी-चरबीतून तो परततो. कॅमेरा हा फरक टिपून त्याचं चित्र तिथल्या तिथे हातावरच पाडतो. लाल उजेडात शिरा काळ्या रेघांसारख्या दिसतात, सावळ्या हातावरसुद्धा.

खरा उपयोग गुटगुटीत बाळांना. शीर डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, आणि बाळ हात स्थिर ठेवेल तर शपथ. मशीन धरलं की पंजाच्या पाठीवर फांद्या उमटतात. मी रेघेच्या खालच्या टोकाला बोट दाबून दुसऱ्या बोटाने रक्त वर सारते. रेघ पुसली जाते. खालचं बोट उचललं की भरून आली पाहिजे. आली तरच पिवळं कॅन्युला, म्हणजे शिरेत ठेवायची बाळांच्या मापाची बारीक नळी हातात घेते. शेजारी आजी असतेच, "अगं बाई, आतलं सगळं दिसतंय की!" बाळ रडायचं थांबत नाही, पण आजी गप्प होते. तेही काही कमी नाही.

म्हाताऱ्या माणसांचं दुखणं वेगळं. त्यांच्या शिरा नुसत्या डोळ्यांनाही दिसतात, पण सुई टेकली की सरकतात, नाहीतर फुटतात. तिथे अंगठ्याने कातडी ताणून धरण्याला पर्याय नाही. मशीन साधारण 10 मिलिमीटरपर्यंतची शीर दाखवतं, पण ती नेमकी किती खोल आहे ते रेघेवरून कळत नाही. नव्या मुली रेघ दिसली की थेट टोचायला जातात. मी आधी बोट लावून बघायला सांगते. खूप खोल शिरेसाठी सोनोग्राफीच लागते.

डेंग्यूत प्लेटलेट उतरलेल्या, रोज रक्त काढून हात काळानिळा झालेला. साकळलेलं रक्तही काळंच दिसतं, त्यामुळे तिथे मशीन गोंधळतं. दाट केस, जुने व्रण, टॅटू, तिथेही तेच.

स्टँड वेगळा विकतात, तो घ्याच. एक हात मशीनला अडकला तर कातडी कोण ताणणार? बरोबर वरून सरळ धरा. तिरकं धरलं की रेघ एका बाजूला आणि शीर दुसऱ्या बाजूला. आणि मशीनचा लेझर उजेड बाळाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नका.

यावरच्या अभ्यासांतही सरसकट सगळ्यांत पहिल्या टोच्याचं यश वाढलेलं दिसत नाही. ज्या मुलांची शीर मुळात अवघड, त्यांच्यात फरक पडतो. आमचा अनुभव तोच, म्हणून मशीन आता मुलांच्या वॉर्डातच असतं. दुसऱ्या मजल्यावरून मागणी आली की मी आधी विचारते, टूर्निकेट (दंडाचा आवळपट्टा) बांधून, हात खाली सोडून, शेक देऊन पाहिलंत का? तरी नाही जमलं तर न्या खुशाल. फक्त चार्जरसकट परत आणा.