कोबोटूलबॉक्स: पाण्याच्या सर्वेक्षणातील वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून आमची छोटी संस्था गावपातळीवरील घरगुती पाणीवापराच्या सर्वेक्षणासाठी कोबोटूलबॉक्स हे फोनवरून माहिती गोळा करण्याचे साधन वापरत आहे. त्याआधी छापील प्रश्नावल्या भरून आणायच्या आणि मग कार्यालयात बसून कोणीतरी त्या एक्सेलमध्ये उतरवायच्या, अशी पद्धत होती. प्रश्नावली तयार करणे, ती फोनवर भरणे, आलेल्या नोंदी तपासणे आणि आलेखांसह विश्लेषण करणे या चारही टप्प्यांवर हे साधन कितपत उपयोगी पडते, हे इतके दिवस वापरल्यानंतर सविस्तर लिहिता येईल असे वाटते. माझे मत आधीच नोंदवून ठेवतो. माहिती गोळा करण्यासाठी हे साधन अतिशय भक्कम आहे. त्यातले तयार आलेख मात्र रोजच्या तपासणीसाठी वापरावेत, अहवालासाठी नव्हे.

कोबोटूलबॉक्स हे हार्वर्ड विद्यापीठाच्या मानवतावादी मदतीशी संबंधित केंद्रातील संशोधकांच्या कामातून वाढलेले मुक्तस्रोत साधन आहे आणि त्याचे फोनवरील अ‍ॅप, म्हणजे कोबोकलेक्ट, ओडीके या आणखी एका मुक्तस्रोत प्रकल्पाच्या पायावर उभे आहे. आपत्तीग्रस्त आणि संघर्षग्रस्त भागांत, जिथे वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो, तिथे काम करता यावे हा त्यामागचा मूळ हेतू असल्याने संपूर्ण प्रश्नावली फोनवर आधी उतरवून घेता येते, मुलाखती नेटवर्कशिवाय भरता येतात आणि संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर सर्व नोंदी एकत्र पाठवता येतात. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यावस्त्यांवर काम करणाऱ्याला या एका सोयीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्नावली दोन प्रकारे तयार करता येते. एक म्हणजे संकेतस्थळावरच्या फॉर्म बिल्डरमध्ये एकेक प्रश्न टाकत जाणे, आणि दुसरे म्हणजे एक्सएलएसफॉर्म या ठरावीक रचनेच्या एक्सेल फाइलमध्ये सगळे लिहून ती फाइल चढवणे. दहा-पंधरा प्रश्नांसाठी पहिला मार्ग पुरेसा आहे, परंतु जिल्हा निवडल्यावर त्यातलेच तालुके आणि तालुका निवडल्यावर त्यातलीच गावे दिसावीत अशी साखळी हवी असेल, किंवा पन्नासच्या वर प्रश्न असतील, तर एक्सएलएसफॉर्म शिकून घेण्याला पर्याय नाही. सुरुवातीला हे काम किचकट वाटते. तथापि एका पानावर प्रश्न, दुसऱ्यावर पर्याय आणि तिसऱ्यावर सेटिंग अशी त्याची मांडणी एकदा लक्षात आली की संपूर्ण प्रश्नावली एका दृष्टिक्षेपात वाचता येते, सहकाऱ्यांना तपासायला देता येते आणि पुढच्या सर्वेक्षणासाठी तिच्यातला हवा तो भाग उचलता येतो.

मराठीत प्रश्नावली करणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच देतो. प्रत्येक प्रश्नाला आणि प्रत्येक पर्यायाला पडद्यावर दिसणारा मजकूर वेगळा असतो आणि आत साठवले जाणारे सांकेतिक नाव वेगळे असते. प्रश्न देवनागरीत लिहिला की फॉर्म बिल्डर आपोआप देत असलेल्या सांकेतिक नावातून काहीही अर्थबोध होत नाही, म्हणून ती नावे रोमन लिपीत, छोटी आणि अर्थपूर्ण अशी हाताने द्यावीत. या वेगळेपणाचा फायदा पुढे विश्लेषणात कळतो. गूगल फॉर्म्समध्ये पर्यायाचा मजकूर हेच उत्तर म्हणून साठवले जाते, त्यामुळे सर्वेक्षण सुरू असताना ‘सार्वजनिक विहीर’ या पर्यायाचे ‘गावविहीर’ केले की आधीची आणि नंतरची उत्तरे दोन वेगळ्या गटांत जातात. कोबोमध्ये सांकेतिक नाव तेच ठेवून मजकूर कितीही वेळा सुधारला तरी मोजणीला धक्का लागत नाही.

साधन कितीही चांगले असले तरी प्रश्न नेमका विचारण्याचे काम आपलेच असते. ‘तुमच्याकडे नळाला पाणी येते का?’ या प्रश्नाला ज्याच्या घरी नळजोडणी आहे तो बहुधा ‘हो’ म्हणतो, मग ते पाणी रोज येवो की आठवड्यातून एकदा येवो. म्हणून जोडणी आहे का हा एक प्रश्न आणि गेल्या सात दिवसांत किती दिवस पाणी आले हा दुसरा प्रश्न, अशी फोड आम्ही केली. पाण्याच्या वेळापत्रकासाठी ‘दोन दिवसांआड’ हा पर्याय मसुद्यात होता. प्राथमिक चाचणीत काही घरांनी त्याचा अर्थ मध्ये दोन कोरडे दिवस असा घेतला, तर काहींनी मध्ये एकच दिवस असा घेतला. तेव्हा ते पर्याय काढून थेट दिवसांची संख्या विचारणे सोयीचे ठरले. उत्तरदात्याला किती मागचे आठवायला लावायचे, हा प्रश्नही किरकोळ नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण या कुटुंबांचा खर्च मोजणाऱ्या सरकारी पाहणीच्या १९९९-२००० मधील ५५ व्या फेरीत अन्नावरील खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा एकाच कुटुंबाला शेजारीशेजारी विचारला गेला आणि त्यामुळे आधीच्या फेऱ्यांशी तुलना करता येते की नाही यावरून दारिद्र्याच्या आकड्यांचा वाद दीर्घकाळ चालला. आपल्या छोट्या सर्वेक्षणात एवढे पणाला लागलेले नसते, तरी ‘साधारणपणे’ किंवा ‘नेहमी’ असे शब्द वापरून विचारण्यापेक्षा ‘काल’ आणि ‘गेले सात दिवस’ हे शब्द मोजणीला अधिक पक्के पडतात.

सर्वांत जास्त विचार पाण्याच्या प्रमाणावर करावा लागला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचा निकष दरडोई दररोज ५५ लिटरचा आहे, म्हणून अहवालात आकडा लिटरमध्येच हवा होता. परंतु घरात पाणी भरणारी बाई लिटरमध्ये मोजत नाही. ती हंडे, कळश्या आणि बादल्या सांगते, आणि प्रत्येक घरचा हंडा सारखा नसतो. एक्सएलएसफॉर्ममध्ये पर्यायांना चित्रे जोडता येतात. त्या गावांत वापरात असलेल्या भांड्यांची छायाचित्रे घेऊन, ती भांडी मापाने भरून, त्यांच्या क्षमता आम्ही प्रश्नावलीत बसवल्या. काल किती हंडे भरले, त्यांपैकी कोणत्या आकाराचे, आणि जनावरांसाठी त्यातले किती, एवढे विचारले की भागाकार प्रश्नावली स्वतःच करते आणि दरडोई लिटर सर्वेक्षकाच्या पडद्यावर दिसते. तो आकडा पाच किंवा तीनशे असा काही आला तर तिथेच, त्या ओट्यावर बसूनच, हंड्यांची संख्या पुन्हा विचारता येते. कागदावर हीच विसंगती कार्यालयात परतल्यावर सापडे आणि तोपर्यंत ती दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असे.

चुकीचा आकडा स्वीकारूच नये अशी बंधने घालण्याची सोय या साधनात आहे आणि नव्याने शिकणाऱ्याला ती सढळ हाताने वापरण्याचा मोह होतो. घरातील पाणी भरणाऱ्या स्त्रियांची संख्या एकूण सदस्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, असे तार्किक बंधन जरूर घालावे. परंतु दरडोई पाणी दीडशे लिटरच्या आतच असले पाहिजे, असे बंधन घातले की खरे उत्तर त्यापलीकडचे असताना सर्वेक्षक पुढे सरकण्यासाठी चौकटीत बसणारा एखादा आकडा टाकून मोकळा होतो, आणि तो आकडा नंतर कोणालाच शोधता येत नाही. अशा ठिकाणी अडवणूक न करता ‘आकडा जास्त वाटतो, पुन्हा विचारा’ अशी टीप फक्त त्या परिस्थितीत दिसेल अशी व्यवस्था करावी. तशी टीप लिहायला दोन ओळी पुरतात.

मुक्त उत्तरांचे प्रश्न मोजकेच ठेवावेत. फोनवर मराठी टंकलेखन करण्याचा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो, बोलून लिहिण्याची सोय अंगणातल्या गलक्यात फारशी चालत नाही, आणि एकच उत्तर ऱ्हस्वदीर्घाच्या फरकाने चार प्रकारे लिहिले गेले की मोजणीत ती चार उत्तरे होतात.

नोंदी येऊ लागल्यावर त्या तक्त्यात पाहता येतात, नकाशावर पाहता येतात आणि प्रत्येक नोंदीला मंजूर, नामंजूर किंवा प्रलंबित असा शेरा देता येतो. मुलाखत केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली याची वेळ आपोआप नोंदवण्याची सोय प्रश्नावलीत घालून ठेवावी, असा माझा आग्रह आहे. पंचवीस मिनिटांची मुलाखत सहा मिनिटांत उरकलेली दिसली तर त्या सर्वेक्षकाशी त्याच संध्याकाळी बोलता येते. अर्थात घरातल्या बाईला मध्येच उठावे लागले आणि फॉर्म अर्धा जतन करून ठेवला तर वेळ वाढलेली दिसते, म्हणून केवळ या आकड्यावरून कोणाला दोष देऊ नये.

आता आलेखांविषयी. ‘रिपोर्ट’ या पानावर प्रत्येक प्रश्नाचा आलेख तयार मिळतो. उभे दंड, आडवे दंड, वर्तुळ, रेषा असे प्रकार बदलता येतात आणि गाव किंवा जोडणीचा प्रकार अशा एखाद्या पर्यायी प्रश्नानुसार उत्तरांची विभागणीही करता येते. किती जणांनी त्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि किती नोंदींत ते रिकामे आहे, हे प्रत्येक आलेखाच्या वर लिहिलेले असते. या ओळीकडे दुर्लक्ष करू नये. ‘नळाला रोज पाणी येते’ या उत्तरापुढे साठ टक्के दिसले तर ते नळजोडणी असलेल्या घरांपैकी साठ टक्के असतात, कारण जोडणी नसलेल्यांना तो प्रश्न विचारलाच गेलेला नसतो. गावात निम्म्याच घरांना जोडणी असेल तर संपूर्ण गावाच्या हिशेबाने तेच प्रमाण तीस टक्के होते. ग्रामसभेत यांपैकी कोणता आकडा वाचला जातो यावर सगळ्या चर्चेचा सूर बदलतो. एकाहून अधिक पर्याय निवडता येणाऱ्या प्रश्नांत टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाते. ती चूक नव्हे, परंतु असे आकडे वर्तुळालेखात घालणे मात्र चूक आहे.

अहवालासाठी हे आलेख न वापरण्याची माझी कारणे नेमकी आहेत. पर्याय आपण दिलेल्या क्रमाने न मांडता जास्त उत्तरांपासून कमी उत्तरांकडे असे मांडले जातात. पाण्याचा स्रोत कोणता, या प्रश्नाला तो क्रम चालतो, किंबहुना सोयीचा पडतो. परंतु ‘पूर्ण समाधानी’पासून ‘अजिबात समाधानी नाही’पर्यंतच्या पाच पायऱ्या अशा विस्कटल्या की समाधान कुठल्या बाजूला झुकले आहे हे डोळ्यांना कळतच नाही. दुसरे म्हणजे कुटुंबातील प्रत्येक सदस्यासाठी पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा गट या पानावर येत नाही. तो एक्सेलमध्ये वेगळ्या पानावर उतरतो आणि मूळ घराशी क्रमांकाने जोडून घ्यावा लागतो. संख्यात्मक प्रश्नांसाठी सरासरी, मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा), बहुलक (सर्वाधिक वेळा आलेला आकडा) आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत त्याचे माप) एवढे दिले जाते. ते उपयुक्त आहे, कारण दहा घरांपैकी नऊ घरांत पाच हंडे आणि एका घरात साठ हंडे असतील तर सरासरी साडेदहा येते आणि मध्यक पाचच राहतो. या दोन आकड्यांत एवढी तफावत दिसली की आम्ही आधी त्या एका घराची नोंद उघडून पाहतो. त्या घरी लग्नकार्य असू शकते किंवा एक शून्य जास्त पडलेले असू शकते.

अंतिम आलेख आम्ही लिब्रेऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या मोफत प्रणालीत काढतो. कोबोमधून नोंदी उतरवून घेताना एक्सेल प्रकार निवडावा, कारण सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये रकाने स्वल्पविरामाऐवजी अर्धविरामाने वेगळे केलेले असतात आणि देवनागरी मजकूर सरळ उघडला असता काही संगणकांवर विचित्र चिन्हे दिसतात. सांकेतिक नावांची एक प्रत आणि मराठी मजकुराची एक प्रत अशा दोन्ही घ्याव्यात. पहिली मोजणीसाठी, दुसरी वाचण्यासाठी. बहुपर्यायी प्रश्नाचा प्रत्येक पर्याय स्वतंत्र रकान्यात मागवण्याची सोयही उतरवतानाच मिळते. त्यानंतर पिव्हट तक्ता, म्हणजे नोंदींची गटवार मोजणी करणारा तक्ता, करून गावानुसार आडवे दंड काढले की काम होते. वर्तुळालेख दोन-तीन भागांपलीकडे वाचता येत नाही. माणसाचा डोळा कोनांपेक्षा सामाईक रेषेवरच्या लांबीची तुलना अधिक अचूक करतो हे क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते, तरीही आमच्याकडच्या प्रत्येक बैठकीत कोणीतरी रंगीत वर्तुळाची मागणी करतेच. वीसपेक्षा कमी घरांच्या वस्तीसाठी टक्के न देता ‘चौदापैकी पाच घरे’ असेच लिहावे, असा नियम आम्ही पाळतो.

खर्च आणि गोपनीयता यांविषयीही लिहायला हवे. ना-नफा संस्थांसाठी मोफत योजना आहे, परंतु नोंदींच्या संख्येवर आणि साठवणुकीवर मर्यादा आहेत आणि त्या बदलत असतात, म्हणून काम हाती घेण्यापूर्वी त्या वाचून घ्याव्यात. साठवणूक मुख्यतः छायाचित्रांनी भरते. प्रत्येक घराच्या नळाचे छायाचित्र खरोखर लागणार आहे का, हे आधीच ठरवावे आणि अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये छायाचित्राचा आकार लहान ठेवावा. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम लक्षात घेता संमतीचा प्रश्न सर्वांत आधी ठेवावा आणि ‘नाही’ हे उत्तर आल्यास प्रश्नावली तिथेच संपेल असे करावे. नाव आणि फोन क्रमांक पुन्हा भेटीसाठी आवश्यक नसतील तर घेऊच नयेत. घराचे अचूक स्थान नोंदवले असेल तर तो रकाना कोणालाही फाइल देण्यापूर्वी काढून टाकावा, कारण लहान वाडीत नाव नसले तरी नकाशावरचा ठिपका घर ओळखायला पुरेसा असतो.

येत्या उन्हाळ्यात त्याच गावांत दुसरी फेरी करायची आहे. त्यासाठी जुन्या प्रश्नांची सांकेतिक नावे आणि पर्याय जसेच्या तसे ठेवून टँकरविषयीचे चार प्रश्न शेवटी जोडले आहेत, आणि ते मध्ये कुठेही न घालण्याचे कारण एवढेच की आधीच्या प्रश्नांचा क्रम बदलला तर दोन्ही फेऱ्यांतील उत्तरांमधला फरक पाण्याचा की क्रमाचा, हे सांगता येणार नाही.