छोट्या रीफ टँकसाठी पाणी: समुद्राचं आणावं की मीठ मिसळून करावं?

घरात ४० लिटरचा रीफ टँक, म्हणजे प्रवाळ आणि मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक मांडायचं ठरलं की किनाऱ्यावर राहणारा माणूस हमखास विचारतो: समोर अख्खा अरबी समुद्र असताना मीठ विकत कशाला?

प्रश्न रास्त आहे. किनाऱ्यापासून दूरच्या पाण्याची क्षारता ३५-३६ पीपीटी (हजार भागांत इतके भाग मीठ) असते. कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं जागच्या जागी. पण जुहू, माहीम किंवा कुठल्याही खाडीच्या तोंडाशी असं पाणी मिळत नाही, तिथे सांडपाणी येऊन मिसळतं. चांगलं पाणी होडीतून आत जाऊन भरावं लागतं. पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने किनाऱ्याजवळची क्षारता उतरते, गाळ चढतो, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणजे पाणी आणून देणारा होडीवालाही घरी. आणलेलं पाणी लगेच ओतायचंही नाही. त्यातलं प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) मरून कुजतं, अमोनिया वाढतो. झाकलेल्या ड्रममध्ये अंधारात आठ-दहा दिवस ठेवायचं, वरचं निवळलेलं पाणी गाळून घ्यायचं.

मिठाचा मोठा गुण एकच: दर वेळी तेच पाणी. छोट्या टँकमध्ये चूक पोटात घालायला पाणीच कमी असतं, त्यामुळे मला हा गुण बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम रीफ सॉल्ट, म्हणजे अशा टँकसाठीच बनवलेलं मीठ लागतं (स्वयंपाकाचं मीठ अजिबात नाही). आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर ४ लिटर, म्हणजे दीडशे ग्रॅम मीठ. मोठ्या टँकवाल्याला मिठाचा खर्च जाणवतो, तुम्हाला फारसा नाही. उलट ४० लिटर समुद्र म्हणजे ४१ किलो ओझं, तेही लोकलमधून!

मिठाच्या वाटेवर घोळ होतो तो पाण्याचा. घरच्या आरओत चवीसाठी बऱ्याचदा थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) सहज ५०च्या वर जातो. आपल्याला शून्याच्या आसपास हवा, म्हणून उरलेले क्षार काढणारा डीआय फिल्टर जोडा. मीठ वेगळ्या बादलीत, पंप लावून, आदल्या दिवशी विरघळवा. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या.

बाष्पीभवन मात्र दोघांनाही चुकत नाही. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ४० लिटरमधलं १ लिटर उडालं की ३५ची क्षारता जवळपास ३६ होते. २० लिटरच्या टँकमध्ये तेवढ्यानेच ३६.८. मे महिन्यात पंखा लावून पाणी थंड करत असाल तर हे झपाट्याने होतं. टँकवर पाण्याच्या पातळीची खूण करा, रोज ती बघून तूट गोड्या आरओ पाण्याने भरा, खाऱ्या पाण्याने कधीच नाही. मीठ वापरून वाचलेल्या वेळात ही तूट आपोआप भरणारं ऑटो टॉप-ऑफ बसवून टाका.

मुंबई, पुणे, नाशिकच्या माणसाने मीठच घ्यावं. मालवण-वेंगुर्ल्याकडे राहत असाल, नदीपासून लांब खडकाळ किनारा हाताशी असेल, तर नोव्हेंबर ते मे समुद्राचं पाणी वापरायला हरकत नाही. भरतीच्या वेळी भरा. (पाण्याबरोबर प्रवाळाचा तुकडा उचलू नका, वन्यजीव संरक्षण कायद्यात तो गुन्हा आहे.) फक्त पावसाळ्यात मिठाकडे वळताना सांभाळा. समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल झेलून पीएच स्थिर ठेवायची ताकद, डीकेएच या एककात मोजतात) ७ डीकेएचच्या आसपास, काही रीफ सॉल्टची ११-१२. तेव्हा कमी अल्कलिनिटीचं मीठ निवडा आणि पहिले काही बदल ५ टक्क्यांचेच ठेवा.