सात महिने, पाच लाल चौकोन आणि एक खोटारडी हिरवी टिक

रिपोर्ट काढणारं एक साधन सात महिने वापरून झाल्यावर लिहितोय. पहिल्या आठवड्यातलं कौतुक ओसरलंय आणि दुसऱ्या महिन्यातला संतापही बराचसा निवलाय. बराचसा म्हटलं, सगळा नाही. साधनाचं नाव घेत नाही, कारण सपोर्टकडे माझं तिकीट अजून उघडं आहे आणि बोलणी बिघडवायची नाहीत. सर्व्हरचे लॉग (कुणी केव्हा काय मागितलं त्याच्या नोंदी) डेटाबेसमधून वाचून रिपोर्ट काढणारी जी चार-पाच साधनं फुकट मिळतात, त्यांतलंच एक. पैसे मोजून घ्यायची आवृत्ती मी उघडूनही पाहिलेली नाही. अशा साधनात काय काय येतं ते तुम्ही वाचलंच असणार, परत उगाळत नाही. मला बोलायचंय ते एका बटणाबद्दल. 'टेस्ट कनेक्शन'.

डेटाबेसचा पत्ता, पोर्ट, युजर, पासवर्ड भरला की फॉर्मच्या तळाशी हे बटण. दाबलं की दोन क्षण चाक फिरतं आणि हिरवी टिक येते. काय बरं वाटतं ती दिसली की! आणि काय खोटारडी आहे ती!

पहिल्या दिवसाचा घोळ मात्र माझा होता, तो आधी कबूल करतो. साधन डॉकरच्या कंटेनरमध्ये (मशीनच्या आतलं एक बंद खोकं, ज्याला स्वतःचा वेगळा पत्ता असतो), मायएसक्यूएल, म्हणजे डेटाबेस, त्याच मशीनवर पण कंटेनरबाहेर. पत्त्यात सवयीने 'लोकलहोस्ट', म्हणजे 'हेच मशीन', टाकलं. कनेक्शन रिफ्यूज्ड, म्हणजे जोडणी नाकारली. अर्धा तास मायएसक्यूएलचा ३३०६ पोर्ट उघडा आहे की नाही तेच बघत बसलो. मग ट्यूब पेटली की कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, तिथे कुठला आलाय डेटाबेस. होस्टचा पत्ता दिला, तरी रिफ्यूज्ड. मायएसक्यूएल फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे आपल्याच मशीनच्या आतल्या हाकांना, कान लावून बसलेला. कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते ठरवणारा बाइंड ॲड्रेस बदलला. आता नवं गाऱ्हाणं: १७२.१७.०.२ या होस्टला (हा कंटेनरचा पत्ता) परवानगी नाही, एरर ११३०. मायएसक्यूएलच्या लेखी युजर म्हणजे नुसतं नाव नसतं. नाव आणि तो कुठून आला, ही जोडी असते. लोकलहोस्टवरून येणारा आणि १७२.१७ वरून येणारा, नाव एकच असलं तरी त्याच्या दप्तरी दोन वेगळी माणसं. (म्हणून वैतागून सगळ्या जगाला दार उघडू नका. डॉकरच्या नेटवर्कपुरतं उघडा आणि त्या युजरला फक्त सिलेक्टचा, म्हणजे वाचायचा, हक्क द्या. रिपोर्ट काढणाऱ्याला डिलीट कशाला हवं?)

इथवर बटणाने इमानेइतबारे लाल फुली दाखवली. मग एकदाची हिरवी टिक आली, खुशीत सेव्ह केलं, आणि टेबलांची यादी रिकामी. हक्क परत दिले, काढले, परत दिले. तासाभराने दिसलं की डेटाबेसच्या नावातलं शेवटचं अक्षर टाइप करायचं राहिलंय. त्या नावाचा डेटाबेसच नव्हता, तरी टिक हिरवी! बटण सर्व्हरपर्यंत जातं, लॉगिन होतं आणि परत येतं. डेटाबेसच्या नावाची चौकट ते वाचतच नाही. निरोप द्यायला धाडलेल्या पोराने फाटकाला हात लावून परत यावं आणि 'सांगितलं' म्हणावं, तसलं.

पहिल्याच आठवड्यात आणखी एक फटका बसला. साधन आपले स्वतःचे डॅशबोर्ड (आलेख एकत्र मांडलेली पानं) आणि युजर ज्या डेटाबेसमध्ये ठेवतं तो वेगळा, आणि काही न सांगता बसवलं तर तो कंटेनरमधलीच एक फाइल असतो. कंटेनर काढून नवा चढवला आणि चार दिवसांचे डॅशबोर्ड गेले. साधनाच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलं होतं. वाचलं नव्हतं. आता त्याच मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी वेगळा डेटाबेस आणि वेगळा युजर आहे, बॅकअपही त्याचा आपोआप होतो. यावर राग नाही.

राग आहे तो पुढच्यावर.

दुसऱ्या महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी साप्ताहिक रिपोर्ट वरिष्ठांना मेलने गेला. आठ आलेखांचा रिपोर्ट, त्यांतल्या पाच जागी लाल चौकोन. मी घाईघाईने डॅशबोर्ड उघडला तर आठही आलेख ठणठणीत. पुन्हा मेल पाठवला, 'तांत्रिक अडचण' असं काहीतरी लिहिलं, विषय संपला. मंगळवारी सकाळी डॅशबोर्ड उघडला: पाच लाल. पान रिफ्रेश केलं: सगळे नीट. बुधवारी तेच. 'टेस्ट कनेक्शन' दाबलं. हिरवी टिक. लाल चौकोन समोर असताना दाबलं, तरी हिरवी टिक. डोळ्यांदेखत!

आधी नेटवर्कवर शंका घेतली, पण सगळं एकाच मशीनवर असताना कसलं नेटवर्क. मग वाटलं रात्रीचा बॅकअप टेबल अडवत असेल, म्हणून त्याची वेळ बदलली. काही फरक नाही. रोज वेगळे आलेख पडायचे, म्हणजे कुठल्या एका क्वेरीचा, डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा, दोष नव्हता. पण संख्या कायम पाच. चार नाही, सहा नाही. हे लक्षात यायला मला तीन आठवडे लागले, आणि ते लक्षात आल्यावरही अर्थ कळला नाही.

अर्थ कळला तो भिंतीवरच्या स्क्रीनमुळे. एका संध्याकाळी डॅशबोर्ड मोठ्या स्क्रीनवर लावला होता, दर मिनिटाला रिफ्रेश. निघताना तो बंद करायचा राहून गेला. सकाळी एकही लाल चौकोन नाही! पुढचे चार दिवस मी स्क्रीन रात्रभर चालू ठेवला. विजेचा दिवा विसरला तरी परत येऊन विझवणारा माणूस मी, पण रोग बरा होत होता ना. पाचव्या दिवशी सहकाऱ्याने, 'अहो, हा रात्रभर कुणासाठी जळतोय?' म्हणत तो बंद केला, आणि सहाव्या सकाळी पाच लाल.

तेव्हा मी पहिल्यांदा त्या लाल चौकोनावर क्लिक करून आतला मजकूर शेवटपर्यंत वाचला. आधी नुसती पहिली ओळ वाचून सोडत होतो: कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर, म्हणजे संपर्क तुटला. त्याखाली लिहिलं होतं की सर्व्हरकडून शेवटचं पॅकेट ३,४१,२७,११८ मिलिसेकंदांपूर्वी मिळालं. कॅल्क्युलेटर काढला. ९ तास २८ मिनिटं. घड्याळात ९ वाजून ८ मिनिटं झाली होती. आदल्या रात्री घरून शेवटचा डॅशबोर्ड पाहिला तो ११:४० ला. मिनिटासकट जमलं.

बाकीचं मग पाच मिनिटांत सुटलं. मायएसक्यूएलमध्ये वेट टाइमआउट नावाची सेटिंग आहे, मुळातच २८,८०० सेकंदांवर ठेवलेली. म्हणजे ८ तास. एखाद्या कनेक्शनवर तेवढा वेळ काहीच विचारलं गेलं नाही की सर्व्हर ते बंद करतो. इकडे साधन दर वेळी नवं कनेक्शन उघडायचा खर्च नको म्हणून काही कनेक्शन उघडून पुलात (नदीवरचा नव्हे, तयार कनेक्शनांचा साठा) ठेवतं. किती? पाच. रात्री सर्व्हरने पाचही कापली. साधनाला पत्ता नाही. सकाळी आठ आलेखांनी हात पुढे केले, पहिल्या पाचांच्या हाती मेलेली कनेक्शनं आली, ती फेकली गेली आणि उरलेल्या तिघांना नवी मिळाली. रिफ्रेश केल्यावर सगळंच नवं, म्हणून सगळं नीट. आणि आपलं बटण? ते पुलाकडे ढुंकूनही बघत नाही. स्वतःचं ताजं कनेक्शन उघडतं, 'सिलेक्ट १' ही साध्यातली साधी क्वेरी विचारतं, उत्तर घेतं, बंद करतं आणि टिक लावतं. ज्या कनेक्शनांवर आलेख चालतात त्यांची नाडी ते बघतच नाही.

सपोर्टला सगळं हिशेबासकट लिहिलं. पहिलं उत्तर: 'कृपया टेस्ट कनेक्शन करून स्क्रीनशॉट पाठवा.' मी पाठवला. त्यावर: 'कनेक्शन व्यवस्थित दिसत आहे.' दोन दिवस मी काही लिहिलंच नाही, कारण लिहिलं असतं ते छापण्यासारखं नव्हतं. दुसरा सल्ला, वेट टाइमआउट वाढवून २४ तास करा. म्हणजे गळका नळ तुमचा आणि बादली मी मोठी घ्यायची? त्याच डेटाबेसवर इतर कामंही चालतात. मॅक्स कनेक्शन्स, म्हणजे एका वेळी चालणारी कमाल कनेक्शनं, मुळात १५१ असतात आणि झोपलेली कनेक्शनं त्यांतलीच जागा खातात. शिवाय शनिवार-रविवार धरला तर २४ तासही कुठे पुरणार. तिसरा सल्ला, पत्त्याच्या शेवटी ऑटो रिकनेक्ट (तुटलं की आपोआप पुन्हा जोडणं) जोडा. तर तो पर्याय वापरू नका असं खुद्द ड्रायव्हरच्याच (साधन आणि मायएसक्यूएल यांना जोडणाऱ्या प्रोग्रामच्या) माहितीत म्हटलंय. चौथा सल्ला टीसीपी कीपअलाइव्हचा, म्हणजे जोडणी शाबूत आहे का बघायला अधूनमधून एक छोटं पॅकेट धाडायचं. त्याने वाहिनी जिवंत राहते, पण मायएसक्यूएल क्वेरीची वाट बघत असतो. कीपअलाइव्हच्या पॅकेटला तो हालचाल मानत नाही.

उपाय शेवटी साधनातच सापडला, 'प्रगत' नावाच्या मिटलेल्या घडीत. 'कनेक्शनचं कमाल आयुष्य', मुळात शून्य, म्हणजे अमर. ते मी ३० मिनिटं केलं. सर्व्हरच्या मुदतीपेक्षा पुलाची मुदत कमी हवी, म्हणजे सर्व्हरने कापायच्या आत साधन आपणच जुनं टाकून नवं घेतं. त्या दिवसापासून एकही लाल चौकोन नाही. ही सेटिंग शून्यावर का ठेवली, याचं उत्तर तिकिटावर अजून आलेलं नाही.

आता हे एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की साधन टाकाऊ आहे. मलाही दोन महिने तेच वाटत होतं. पण चौथ्या महिन्यात मत बदलावं लागलं.

लॉगचं टेबल फुगत गेलं आणि 'रोजच्या विनंत्या' हा आलेख ४० सेकंद घ्यायला लागला. इतरांचा सल्ला एकच, मोठा सर्व्हर घ्या. माझ्या तोंडून तो शब्द सहजासहजी निघत नाही. साधनात प्रत्येक आलेखामागची क्वेरी उघडून बघता येते, आणि तिचं एक्सप्लेनही (डेटाबेस ती क्वेरी कशी सोडवणार ते सांगणारा आदेश) तिथेच चालवता येतं. चालवलं, तर वेळेच्या रकान्यावर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी सोय) असूनही सगळं टेबल चाळलं जात होतं. कारण गाळणीत मी रकान्याला वेळेतून नुसती तारीख काढणाऱ्या 'डेट' फंक्शनमध्ये गुंडाळलं होतं. तसं केलं की साधा इंडेक्स निरुपयोगी. त्याऐवजी 'या क्षणापासून पुढे आणि त्या क्षणाच्या आधी' अशी हद्द घातली. आलेख एका सेकंदाच्या आत. जुन्या महिन्यांसाठी तासातासाच्या बेरजांचं छोटं टेबल केलं आणि जुने आलेख त्यावर वळवले. आठवडाभराने त्याच वेगवान आलेखात रात्री तीनच्या सुमाराचा एक सुळका दिसला: कुणाचा तरी बॉट (आपोआप पानं मागत फिरणारा प्रोग्राम), अस्तित्वातच नसलेली पानं मागत होता, एकूण विनंत्यांच्या जवळजवळ तिसरा हिस्सा त्याचा एकट्याचा. त्याला अडवला. मोठ्या सर्व्हरचा विषय तिथेच मिटला. एक्सप्लेनची ती छोटी सोय नसती तर मी नव्या सर्व्हरचे पैसे भरत बसलो असतो, म्हणून तिच्यासाठी या मंडळींना मनापासून दाद.

तेव्हा घ्यावं का? घ्या. फुकटात याहून बरं मी पाहिलेलं नाही.

हे एवढं मागच्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं. काल दुपारी नवी आवृत्ती चढवली. आज सकाळी डॅशबोर्ड उघडला: पाच लाल. चौकोनावर क्लिक केलं, थेट शेवटच्या आकड्यावर गेलो. ३,२५,२१,४०६. आता कॅल्क्युलेटर लागत नाही. नऊ तासांच्या वर दोन मिनिटं. नव्या आवृत्तीत त्या सेटिंगचं नाव बदललंय आणि जुन्या नावाने लिहिलेली किंमत न बोलता सोडून दिलीय. नव्या नावाने ३० मिनिटं परत लिहिली, सेव्ह केलं आणि तिकिटावर आणखी एक ओळ जोडली. 'टेस्ट कनेक्शन'ला हातही लावला नाही.