नमुने आमचेच, आकडेही आमचेच

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कोंबडीखाद्याचा लहानसा कारखाना आहे. सोयाबीन पेंडीतील प्रथिनांच्या केल्डाल अहवालासाठी (ही प्रथिने मोजण्याची प्रयोगशाळेतली रासायनिक पद्धत) दोन दिवस थांबायचे आणि तोवर मालाची गाडी दारात खोळंबून राहायची, हे परवडेना म्हणून आम्ही गेल्या वर्षी नियर इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर घेतला.

विक्रेत्याने पेंडीचे बारा नमुने, प्रयोगशाळेच्या अहवालांसह, आठ दिवस आधीच मागून नेले होते. प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्याच बारा पुड्या त्याने एकेक करून यंत्रात ठेवल्या आणि प्रत्येक आकडा अहवालाशी दशांशापर्यंत जुळत गेला. वास्तविक असे यंत्र प्रथिने थेट मोजत नाही. ते नमुन्यावरून परतलेल्या प्रकाशाचा आलेख नोंदवते आणि आधी माहीत असलेल्या नमुन्यांवरून बसवलेले गणित, म्हणजे कॅलिब्रेशन, त्या आलेखावरून आकडा काढते. ज्या नमुन्यांवर ते गणित बसवले, त्यांचीच उत्तरे त्याने आम्हाला वाचून दाखवली होती. आमच्यापैकी एकालाही तेव्हा हे सुचू नये, याची मला अजून लाज वाटते.

मे महिन्यात यंत्राने 46 टक्के दाखवलेली एक गाडी प्रयोगशाळेत 41 टक्क्यांची निघाली. संशय आला म्हणून मी यंत्राच्या नमुन्याच्या कपामध्ये पेंडीऐवजी गव्हाचा कोंडा भरला, तर यंत्राने निमूटपणे 44 टक्के प्रथिने दाखवली! अनोळखी नमुना आल्यास मिळणारी सूचना बंद केलेली होती आणि आकडा 44 ते 48 च्या बाहेर जाऊ नये अशी मर्यादा घातलेली होती.

दुसरी लबाडी कागदावर होती. माहितीपत्रकात ‘नियर इन्फ्रारेड : 780 ते 2500 नॅनोमीटर’ असे ठळक छापले होते, ती प्रकाशाच्या त्या तरंगलांबीच्या पट्ट्याची व्याख्या होती, यंत्राची क्षमता नव्हे. आतला डिटेक्टर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, सिलिकॉनचा होता, म्हणून साधारण 1100 नॅनोमीटरच्या पुढे आंधळा. दळलेल्या पेंडीत प्रथिनांच्या ठळक खुणा 2050 ते 2180 च्या आसपास, तर पाण्याच्या 1450 आणि 1940 च्या जवळ दिसतात. त्यासाठी इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डिटेक्टर लागतो, पण साधा असेल तर तोही 1700 च्या सुमारास थांबतो. त्यापुढे विस्तारित प्रकारचा, बराच महाग घ्यावा लागतो. सिलिकॉनचे यंत्र टाकाऊ असते असे मात्र नाही. अख्ख्या धान्यातून आरपार प्रकाश पाठवून ओलावा मोजायला किंवा संत्र्याची गोडी साल न काढता अजमावायला तेच सोयीचे, कारण त्या तरंगलांबीचा प्रकाश आत खोलवर शिरतो. काटोलकडच्या एखाद्या बागायतदाराच्या ते कामी आले असते.

आमच्या खरेदी आदेशात तरंगलांबीचा उल्लेखच नसल्यामुळे विक्रेत्याने पैसे परत करण्यास नकार दिला. यंदा दोन नव्या विक्रेत्यांना आम्ही केवळ क्रमांक टाकलेल्या सहा पुड्या दिल्या. त्यांतील दोन एकाच पोत्यातल्या होत्या आणि एकीत कोंडा होता. एकाने आधी अहवाल मागितले. दुसऱ्याच्या यंत्राने कोंड्याचा आकडा दिलाच नाही, केवळ नमुना अनोळखी असल्याची सूचना दिली. त्याच्याशी सध्या भावाची बोलणी चालू आहेत.