नाताळात बोत्सवानाची तंबू-सफारी: पैसे कुठं वसूल, कुठं नाही

लेक-जावई गॅबोरोनला असतात. तिकडं डिसेंबरच्या मध्यापासून ऑफिसं, कारखाने जे बंद होतात ते थेट नव्या वर्षात उघडतात. त्यामुळे आम्हाला जंगल दाखवायचं तर नाताळातच, असं त्यांनी ठरवून टाकलं. इकडं चोपड्याला कापसाची वेचणी चालू, केळीला थंडी लागायची भीती, त्यामुळे आमचे हे आधी नाहीच म्हणत होते. शेवटी शेत भाच्यावर सोपवलं नि निघालो.

सफारी कंपनी माउन गावची. नाव लिहीत नाही, कारण तिथं अशा बऱ्याच कंपन्या आहेत आणि मी जे सांगणार ते बहुतेकांना लागू पडेल. माउन – नखाय पॅन – ख्वाई – सवुती – चोबे नदी – व्हिक्टोरिया फॉल्स असा मार्ग. उघडी लँड क्रूझर, मागं ट्रेलर, गाइड, स्वयंपाकी आणि एक मदतनीस. तंबू त्यांनी उभारायचे, आपण फक्त झोपायचं. अंघोळीला झाडाला टांगलेली बादली, तिला खाली झारीसारखी तोटी. संडास म्हणजे खोल खड्डा नि भोवती कापड. स्वच्छता मात्र चोख, आपल्या एसटी स्टँडवर याच्या निम्मी असती तरी नमस्कार केला असता.

आधी तक्रार सांगते. माहितीपत्रकात ओकावांगो नदीच्या पाणथळ खोऱ्याचे जे फोटो होते, निळंशार पाणी, त्यात मोकोरो होड्या, ते सगळे जून-जुलैचे. डिसेंबरात तिथं पाऊस पडतो, पण खोऱ्यात पाणी सगळ्यात कमी असतं ते याच सुमारास. कारण पूर येतो अंगोलाच्या डोंगरांतून. तिथला पाऊस वाळूतून, पाणवनस्पतींतून रेंगाळत महिनोन्‌महिने खाली येतो आणि बोत्सवानात पावसाचा थेंब नसताना, जून ते ऑगस्टमध्ये पसरतो. हे मला गाइडनं पहिल्या संध्याकाळी सांगितलं. ऑफिसनं पैसे घेताना सांगायला हवं होतं. आमची मोकोरोची फेरी उथळ पाण्यात लवकर आटोपली, आणि दर मात्र नाताळचा!

हत्तींचंही तेच. बोत्सवानात सुमारे १,३०,००० हत्ती आहेत, जगात कुठल्याच देशात इतके नाहीत. पण पाऊस झाला की जंगलभर डबकी भरतात, मग हत्ती कशाला चोबेच्या काठावर गर्दी करतील? सप्टेंबर-ऑक्टोबरात जे कळपच्या कळप नदीवर दिसतात, ते आम्हाला तुरळक दिसले. गर्दी होती ती जीपगाड्यांची. ज्यांना हत्तीच मोजायचे आहेत त्यांनी नाताळात जाऊ नये, सरळ सांगते.

मग पैसे वसूल कुठं झाले? नखाय पॅनवर. पाऊस सुरू झाला की चोबेकडचे झेब्रे दक्षिणेला चालत निघतात, सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे २५० किलोमीटर, आणि या खारट पठारावरच्या कोवळ्या गवतावर येऊन थांबतात. इतक्या लांबचं हे स्थलांतर आहे हे जगापुढं आलं ते २०१४ च्या सुमारास, काही झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे बांधून माग काढल्यावर. आम्ही गेलो तेव्हा हिरव्या गवतात नजर जाईल तिथवर तेच. आणि इम्पालांची पिल्लं! सगळ्या माद्या पावसाच्या तोंडावर एकदमच वितात, म्हणजे शिकारी प्राण्यांनी किती खाल्ली तरी बाकीची वाचतात. तेवढ्या पिल्लांमागं कोल्हे, तरस, चित्ते सगळे हजर. नातू शेणकिड्यांच्या मागं वेडा झाला होता, हत्तीच्या शेणाचा गोळा ढकलत नेणारा किडा त्याला सिंहापेक्षा भारी वाटला. खरं सांगू, मलाही.

पण या सहलीत मी पूर्ण गुण देईन ते गाइडला. मला तो ‘म्मा’ म्हणायचा, ह्यांना ‘र्रा’, म्हणजे आपल्या बाई-साहेबांसारखं. ख्वाईकडून सवुतीला जायला दोन रस्ते आहेत, एक दलदलीच्या कडेनं, दुसरा वाळूच्या उंचवट्यावरून. दलदलीकडं प्राणी जास्त दिसतात, म्हणून गाडीतलं दुसरं जोडपं तिकडनंच चला म्हणून हटून बसलं. गाइड खाली उतरला, मातीचा एक गोळा घेऊन आला आणि म्हणाला, रात्री पाऊस झालाय, जायचं नाही. मी तो गोळा हातात घेतला. आपलीच काळी कापसाची जमीन, ओली झाली की पाय गिळणारी नि उन्हानं भेगाळणारी. आमचे हे तो गोळा बघताक्षणीच म्हणाले, “आठे ट्रॅक्टर बी फसी जाई.” वाळूच्या रस्त्यानं हाडं खिळखिळी झाली, वेळही जास्त लागला, प्राणी फारसे नाही दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर स्वतःची गाडी चालवत आलेलं एक कुटुंब भेटलं. चाकांपासून टपापर्यंत चिखल, अख्खी रात्र त्यांनी त्या काळ्या मातीत काढली होती. नाही म्हणायची हिंमत असलेला गाइड मिळणं, हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

जेवण: शाकाहारी आहोत हे आधी लेखी कळवा, तोंडी नको. स्वयंपाकी निखाऱ्यांवर लोखंडी भांड्यात पाव भाजायचा, भोपळा, पालेभाजी, पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, त्याला तिकडं ‘पाप’ म्हणतात. नाताळच्या रात्री बाकीच्यांना कोंबडी, आम्हाला भरलेला बटरनट भोपळा, नि सगळ्यांना केक. मी बिबडे आणि लसणाचा ठेचा नेला होता. ठेचा स्वयंपाक्यानं पापबरोबर खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं तरी पुन्हा वाढून घेतला.

रात्रीचं मात्र बायकांनी नीट विचारून जावं. कॅम्पला कुंपण नसतं, अंधार पडल्यावर तंबूबाहेर पडायचं नाही. संध्याकाळनंतर पाणी कमी प्या, हा सल्ला साठीच्या बाईला देणं सोपं आहे, पाळणं नाही. गाद्या पातळ होत्या, माझी कंबर अजून बोलते. दिवा लावला की पंखवाले वाळवीचे किडे ताटात. मलेरियाचा हाच मोसम, त्यामुळे गोळ्या चुकवू नका. डॉक्सिसायक्लिन असेल तर परत आल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते आणि तिच्यानं ऊन लवकर चटकतं.

व्हिक्टोरिया फॉल्सला डिसेंबरात पाणी कमी असतं. झाम्बियाच्या बाजूला बराच कडा उघडा पडतो, त्यामुळे झिम्बाब्वेच्या बाजूनंच बघा. खाली कोसळणारं मुख्य पाणी तिथं कायम असतं.

बुकिंग करताना दोनच गोष्टी विचारा: फोटो कुठल्या महिन्याचे, आणि पाऊस झाला तर रस्ता कोण ठरवणार. टिप पॅकेजमध्ये नसते. गाइडला सगळेच देतात, पण आमच्या गटानं स्वयंपाकी नि मदतनिसाला जे दिलं ते बघून मला लाज वाटली. तो मदतनीस पहाटे सगळ्यांच्या आधी उठून अंघोळीचं पाणी तापवायचा. त्याचं पाकीट वेगळं करा आणि त्याच्याच हातात द्या.