क्लासिक ३५० चे आखूड मागचे मडगार्ड : आठ महिन्यांनंतर

माझ्या जुन्या रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५० चे मागचे मडगार्ड कडेने गंजून फुगले होते. एप्रिलमध्ये कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडून त्याऐवजी १६ गेज, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे आखूड मडगार्ड करून घेतले. त्यानंतर एक अख्खा पावसाळा आणि गगनबावड्याच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या आहेत.

मिस्त्रींची माप घेण्याची पद्धत मला मनापासून आवडली. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन त्यांनी दोन्ही शॉकअप काढले, ते पूर्ण दबल्यावर चाक जितके वर येईल तितके उचलून खाली लाकडी ठोकळा सरकवला आणि त्या स्थितीतही टायर व पत्रा यांच्यात बोटभर जागा राहील अशा बेताने ब्रॅकेटच्या खुणा केल्या. त्यामुळे उभ्या गाडीवर फट जरा मोठी दिसते आणि बघणारे हटकून विचारतात. पण दोघे बसून खड्ड्यात गेलो तरी टायर आजवर एकदाही घासलेला नाही.

बोल्ट आवळताना मात्र चूक झाली. पत्रा थेट ब्रॅकेटवर आवळल्यामुळे एकाच सिलिंडरच्या इंजिनाचे सगळे हादरे त्या भोकांनी सोसले आणि जूनअखेरीस गाडी धुताना डाव्या बोल्टाजवळ काळ्या रंगातून गंजाची केसाएवढी रेघ बाहेर आलेली दिसली. मिस्त्रींनी भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती तिथेच थांबवली, वेल्डिंग केले, मागून पट्टी जोडली आणि सर्व बोल्टांना रबरी वॉशर घातले. भेग पुन्हा आली नाही; पण त्याच संध्याकाळी टेललॅम्प बंद! नव्या दिव्याचे अर्थिंग, म्हणजे वीज बॅटरीकडे परतण्याचा मार्ग, पत्र्यावरूनच घेतलेले होते आणि रबराने तो मार्ग तुटला होता. स्वतंत्र वायर ओढून घ्यावी लागली. हे काम करून घेणाऱ्यांनी रबरी वॉशर आणि अर्थिंगची वायर यांचा आग्रह पहिल्याच दिवशी धरावा.

साडीगार्ड मी काढू दिले नाही. मागे माणूस बसणाऱ्या मोटारसायकलला, त्याचे कपडे अडकू नयेत म्हणून, मागचे निम्मे चाक झाकणारे संरक्षण असावे असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. शिवाय घरी साडी नेसून मागे बसणारी माणसे आहेत.

लांबीचा निर्णय सर्वस्वी माझा होता आणि तो चुकला. मिस्त्री दोन इंच जास्त ठेवा म्हणत असताना मी ते कापायला लावले. पहिल्याच मोठ्या पावसात पत्नीच्या रेनकोटवर कमरेपासून हेल्मेटपर्यंत चिखलाची सरळ रेघ उमटली. तेव्हापासून ट्रकच्या जुन्या ट्यूबची पाच इंची पट्टी दोन बोल्टांनी शेपटीला लावली. गाडीचा निम्मा रुबाब तिने घालवला. दिवाळीनंतर ती काढून ठेवली आहे, मृगाच्या आधी पुन्हा लावीन.