बाटली माझ्यासमोर उघडलीच नाही

प, फ, ब, भ, म. ही ओष्ठ्य अक्षरं, दोन्ही ओठ जवळ आल्याशिवाय उमटत नाहीत, असं शाळेत बाईंनी सांगितलं होतं. तेव्हा घोकलं आणि विसरले. तिशी ओलांडल्यावर ते पुन्हा आठवलं, कारण जवळजवळ तीन महिने माझा वरचा ओठ माझं ऐकत नव्हता.

हसले की माझ्या हिरड्या दिसतात, लहानपणापासून. ग्रुप फोटोत मी ओठ मिटून उभी राहते आणि सगळ्यांना वाटतं, हिला कसला तरी राग आलाय. याला गमी स्माइल म्हणतात हे मला मावसबहिणीकडून कळलं. "अगं, पाच मिनिटांचं काम. दोन इंजेक्शनं घ्यायची की हिरड्या गायब. मी कपाळावरच्या आठ्यांसाठी तिथेच जाते." ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्या शब्दावर मी कॉलेज निवडलं, चष्म्याची फ्रेमसुद्धा निवडली. नाही म्हणायचं सुचलंच नाही. ती पाठवेल त्या प्रत्येक माणसामागे तिच्या पुढच्या बिलात सूट मिळते, हे फार नंतर समजलं. आपलेच दात, आपलेच ओठ, त्यामुळे तिच्याबद्दल एवढंच.

क्लिनिक चकाचक होतं. पांढरा कोट घातलेल्या एक बाई आल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. आपण डॉक्टर आहोत असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि तुम्ही डॉक्टर आहात का असं मीही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "हसा." मी हसले. त्या म्हणाल्या, "बोटॉक्स." तपासणी संपली.

मी फसले ती इथे. सुई त्यानंतर आली.

हसताना हिरड्या का दिसतात याचं एकच कारण नसतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. कुणाचे ओठ वर खेचणारे स्नायू जास्तच जोमाने ओढतात. कुणाचा वरचा ओठच आखूड असतो. कुणाचं वरच्या जबड्याचं हाड उभं वाढलेलं असतं. कुणाचे दात पुरेसे लांब असूनही त्यांचा बराचसा भाग हिरडीखाली झाकलेला राहतो. फिट्सवरचं फेनिटॉइन किंवा रक्तदाबावरच्या काही गोळ्या यांनीसुद्धा हिरड्या वाढतात. इंजेक्शन यातल्या फक्त पहिल्या कारणावर नेमका इलाज आहे. बाकीच्यांत ते ओठ खाली आणून हिरड्या झाकतं, मूळ दोष तिथेच राहतो. पण ज्या दुकानात एकच माल असतो तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच लागतो.

मग पॅकेजची गोष्ट निघाली. एक इंजेक्शन घेतलं तर "तात्पुरतं", तीन घेतली तर स्नायूला सवय लागते आणि "आयुष्यभराची काळजी मिटते". तिन्हींचे पैसे आगाऊ. हे साफ खोटं आहे. बोटॉक्समधलं बोट्युलिनम टॉक्सिन मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे निरोप पोचवणारं रसायन सुटू देत नाही, म्हणून स्नायूला आकुंचन पावण्याचा निरोपच पोचत नाही. काही आठवड्यांत मज्जातंतूला नवे फुटवे येतात, जुनी जोडणीही पूर्ववत होते आणि स्नायू पुन्हा कामाला लागतो. साधारण तीन-चार महिने, कुणाला थोडे जास्त. तीनदा घ्या नाहीतर तेरा वेळा, परिणाम हवा असेल तर पुन्हा घ्यावंच लागतं. मी मान डोलावली आणि पैसे भरले. फॉर्मवर सही करताना "रक्कम परत मिळणार नाही" ही ओळ वाचलीही होती. वाचून सही केली, हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

सिरिंज आतल्या खोलीतून भरूनच आली. स्टीलच्या ट्रेमध्ये, टोपण लावलेली. त्या ट्रेकडे मी पाहिलं आणि मला काहीच खटकलं नाही. खरं बोटॉक्स बाटलीच्या तळाशी कोरड्या, जेमतेम दिसणाऱ्या थराच्या रूपात असतं. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि टोचण्याआधी त्यात निर्जंतुक सलाइन मिसळावं लागतं. शंभर युनिटांच्या बाटलीत किती मिलिलिटर सलाइन घातलं, त्यावर सिरिंजमधल्या एका थेंबात किती औषध आहे ते ठरतं. पातळ केलं की एकाच बाटलीत कितीतरी जास्त माणसं "होतात". शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटं सारखी नसतात. बोटॉक्सचं एक युनिट आणि डिस्पोर्टचं एक युनिट हे मापच वेगळं, त्यामुळे नुसता आकडा सांगूनही भागत नाही. मला तर आकडाही सांगितला नव्हता.

टोचायची जागाही चुकली होती. वरचा ओठ उचलणारे तीन स्नायू नाकपुडीच्या बाजूला एका ठिकाणी एकत्र येतात. दक्षिण कोरियातल्या योनसेई विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये शवविच्छेदनाच्या अभ्यासातून ती जागा दाखवली, म्हणून तिला योनसेई पॉइंट म्हणतात. नाकपुडीच्या कडेपासून ती जेमतेम एक सेंटिमीटर बाहेर असते. माझ्या गालावर सुईच्या खुणा होत्या त्या बऱ्याच बाहेर आणि खाली, ओठांचे कोपरे वर खेचणारा स्नायू असतो त्या बाजूला. त्या भागात औषध गेलं की हसू वर जाण्याऐवजी आडवं पसरतं, नाहीतर एका बाजूने खाली लोंबतं.

पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी ओठ जड वाटला. पाचव्या दिवशी सकाळी आरशात हसून पाहिलं, तर उजवीकडून हसले आणि डावीकडून नाही. फोन केला. "लगेच या, बॅलन्स करून देतो." सहाव्या दिवशी त्यांनी उजवीकडे आणखी टोचलं. औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. त्याआधी दुरुस्ती करणं म्हणजे डाळ शिजायच्या आत मीठ कमी म्हणून पुन्हा घालणं. झालंही तसंच. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही बाजू समान झाल्या, समान पडलेल्या. हिरड्या दिसत नव्हत्या हे खरं. वरचे दातही दिसत नव्हते. चूळ भरली की पाणी हनुवटीवरून गळ्यापर्यंत. स्ट्रॉने काही पिता येईना. ऑफिसात फोनवर "परवा पाठवते" म्हणायचं टाळून "दोन दिवसांनी देते" म्हणायला लागले. भाषेत पर्यायी शब्द किती आहेत हे त्या महिन्यांत कळलं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण घाबरून मी नको ते शोधत बसले होते. एकदा लागलेला परिणाम उतरवणारं इंजेक्शन नाही. त्वचेखाली भरायचे काही फिलर विरघळवता येतात, हे नाही. मालिश, शेक, व्यायाम यांनी लवकर उतरतं म्हणून पैसे घेणारा दुसरा फसवणारा असतो. मात्र गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, पापण्या उघड्या राहीनात, दोन-दोन दिसू लागलं, तर वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. असं घडलेलं आहे. २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात चार जणांना प्रयोगशाळेतलं, माणसांसाठी नसलेलं टॉक्सिन टोचलं गेलं आणि चौघांनाही बॉट्युलिझम, म्हणजे याच विषाने अंगभर स्नायू लुळे पडण्याचा आजार, झाला. २०२४ मध्ये अमेरिकेच्याच औषध प्रशासनाने बनावट बोटॉक्सबद्दल इशारा दिला, तेव्हा त्या खोक्यांवर १५० युनिट छापलेलं होतं. मूळ कंपनी त्या मापाची बाटली बनवतच नाही. खोकं पाहिलं असतं तर कळलं असतं. मला खोकं कुणी दाखवलं?

महिन्याभराने हिरड्यांच्या एका तज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काय टोचलं, किती युनिट?" मी पावती काढून दिली. पावतीवर लिहिलं होतं, "स्माइल पॅकेज". त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली आणि काही न बोलता परत केली. म्हणाल्या, "आत्ता तुमच्या ओठाचं माप घेऊन उपयोग नाही, तो झोपलेला आहे. पूर्ण उतरलं की या."

साडेतीन महिन्यांनी पुन्हा गेले. मापं घेतली, तीही फूटपट्टीसारख्या साध्या साधनाने. शांत चेहऱ्यावर नाकाखालपासून वरच्या ओठाच्या खालच्या कडेपर्यंत २१ मिलिमीटर, म्हणजे ओठ आखूड नाही. खळखळून हसल्यावर ओठ ७ मिलिमीटर वर जातो. सहा ते आठ हे नेहमीचं, म्हणजे स्नायूही अति जोरात ओढत नाहीत. मग पुढच्या दोन दातांची उंची, साडेसात मिलिमीटर. हे दात सहसा दहा-अकरा मिलिमीटरचे असतात. भूल देऊन बारीक प्रोब हिरडीखाली घातला, तर उरलेला दात तिथेच सापडला, हिरडीच्या पांघरुणाखाली. इलाज असेल तर तो हिरडीवर आहे, आणि कदाचित खालच्या थोड्या हाडावर. तो करायचा की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. पण माझ्या ज्या ओठाला झोपवलं होतं तो निर्दोष होता.

डॉक्टरबाईंचा या इंजेक्शनवर राग नाही, हेही नमूद करायला हवं. स्नायूच कारण असेल तर त्या स्वतः त्यासाठी पाठवतात. प्रत्येक बाजूला दोन-अडीच युनिटांपासून सुरुवात, दोन आठवड्यांनी तपासणी, कमी पडलं तरच थोडं आणखी. गमी स्माइल हा वापर औषधाच्या मूळ मंजुरीत नाही, डॉक्टर तो स्वतःच्या जबाबदारीवर करतात, आणि हे पेशंटला आधी सांगायचं असतं, असंही त्या म्हणाल्या. गरोदरपणात, अंगावर पाजत असताना किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर देत नाहीत. यातला एकही प्रश्न मला विचारला गेला नव्हता.

मी क्लिनिकला लेखी कळवलं. औषधाचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी, दोन्ही वेळची युनिटं आणि टोचणाऱ्या व्यक्तीची पदवी मागितली. उरलेल्या दोन इंजेक्शनांचे पैसेही परत मागितले. आधी उत्तर नाही. मग फोन आला, "बॅच नंबर आमची अंतर्गत माहिती असते." बाटलीवरचं लेबल सोलून पेशंटच्या कागदावर चिकटवणाऱ्या जागा आहेत, आणि यांच्याकडे ती अंतर्गत माहिती. तिसऱ्या पत्रानंतर एका इंजेक्शनचे पैसे परत मिळाले, तेही "सद्भावना म्हणून". दुसऱ्याचं भांडण चालू आहे. माझ्याकडे पुरावा काय, तर पावती, दोन तारखा आणि सहाव्या दिवशी मोबाइलवर काढलेला माझाच व्हिडिओ. सुरुवातीलाच बाटलीचा फोटो काढला असता तर हे भांडण एका पत्रात संपलं असतं.

गेल्या आठवड्यात ताईने मला त्या क्लिनिकची नवी जाहिरात पाठवली. सोबत काही लिहिलं नव्हतं. आधीचा आणि नंतरचा फोटो, नाकाच्या वरचा भाग कापलेला, पण हनुवटीवरचा तीळ माझाच. आधीच्या फोटोत मॅडमनी "अजून हसा, अजून" म्हणत मला मान वर करायला लावली होती. नंतरचा फोटो चौदाव्या दिवसाचा, मान खाली. खाली लिहिलंय, "हिरड्या गायब, हसू कायम". त्या फोटोत मी हसत नाहीये. त्या एकामागून एक फोटो काढत होत्या आणि मी "पुरे, पुरे" म्हणत होते, फक्त त्यातला "पु" उमटत नव्हता.